आमच्या डोंगराला गिऱ्हाईक आलंय, सही करावी की नाही?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, माखजनच्या वरच्या अंगाला. घरामागे आमचा डोंगर आहे, साधारण अकरा एकर. सातबारावर एकोणीस नावं, त्यातली सहा माणसं आता हयात नाहीत आणि वारसनोंद कुणी केलेली नाही. माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळ, खाली उतारावर ऐन, किंजळ, नाणा, काही जुने बेहडे, तीन सातविणी आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेनं जांभळी. गेल्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला की ठेकेदार डोंगर बघून गेलाय, उक्ता, म्हणजे सगळ्या डोंगराचा एकरकमी, सौदा करायचा म्हणतोय, शिमग्याच्या आधी कटर लावायचे आहेत, ठाण्याहून तुझी सही तेवढी पाठव.

याआधीची तोड २०११ ला झाली होती. तेव्हा मी सही केली होती, वाचलंसुद्धा नव्हतं कागदावर काय आहे ते. आजी सांगायची की पऱ्ह्या होळीपर्यंत खळखळायचा, पोरं तिथेच पोहायला शिकली. तोड झाल्यावर तिसऱ्या वर्षी तो माघातच आटला आणि खालच्या वाडीची विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवायला लागली. आमच्या जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो हो! आणि मे महिन्यात टँकरची वाट बघत बायका रस्त्यावर उभ्या असतात. डोंगरावर झाडं होती, पालापाचोळा होता, तेव्हा पाणी मुरायचं आणि हळूहळू बाहेर यायचं, आता उघड्या मातीवर पाऊस आपटतो आणि गाळ घेऊन सरळ गड नदीत जातो. माखजनच्या बाजारात दर पावसात पाणी शिरतं. नुसत्या तोडीनं पूर येतो असं मी म्हणत नाही, २२ जुलै २०२१ ला चिपळूणला जे झालं त्यात पाऊसच अफाट होता, भरती होती, वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं अवजल येतं ते वेगळंच. पण नद्यांचं पात्र गाळानं भरलंय ती माती डोंगरावरूनच आली ना, आकाशातून तर पडली नाही. शास्त्री नदीतून एके काळी गलबतं संगमेश्वरापर्यंत यायची, आज तिथे उन्हाळ्यात माणूस चालत पलीकडे जातो.

बाहेरच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते, कोकणातलं जंगल सरकारचं नाही. विदर्भात जंगल म्हटलं की वनखातं, आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी नगण्य, बाकी सगळं मालकीचं, म्हणजे तुमचं-आमचं. म्हणजे तोडणारा कुणी लांबचा तस्कर नाही, सही करणारा मीच आहे.

तर प्रश्न असा की मी सही नाकारली तर एकट्याच्या नकारानं थांबेल का, आणि नाकारायची तर बाकीच्या अठरा घरांना मी काय सांगू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

पुणेरी_पाऊलवाट

अजिबात सही करू नका. एक झाड वाढायला पन्नास वर्षं लागतात आणि कटरनं दहा मिनिटं. ग्रामपंचायतीत तक्रार करा, वनखात्याला कळवा. भावंडांना समजावून सांगा, ऐकतील.

मुक्ता_र

पाऊलवाट, रागावू नका पण मला तुमचं वाचून वाईट वाटलं. मी लांजा तालुक्यातल्या एका गावात राहते, रोज राहते, सुट्टीला येत नाही. आम्ही २०१९ ला आमचा सात एकराचा उतार तोडीला दिला. यजमानांची बायपास करायची होती. दागिने आधीच गेले होते, बँक वरकस, म्हणजे डोंगराळ हलक्या जमिनीवर कर्ज द्यायला तयार नव्हती, भातशेती दोन गुंठ्यांची, रानडुकरं आणि वानरं ठेवतील ते आपलं. त्या दिवशी माझ्याकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उभी होती ती म्हणजे झाडं. सात एकराचे पंचाऐंशी हजार मिळाले. मला माहीत होतं की त्या लाकडाचे घाटावर जाऊन कितीतरी जास्त होणार आहेत, पण ट्रक त्याचा, कटर त्याचा, मजूर त्याचे, परवान्याची धावपळ त्याची. मी काय भाव करणार?

कोकणात डोंगर म्हणजे गरिबाची मुदत ठेव आहे. दहा-बारा वर्षांनी मोडायची. मुलीचं लग्न, घरावर पत्रे, दवाखाना. ज्यानं कधी ही ठेव मोडली नाही त्यानं मोडणाऱ्याला दोष देऊ नये एवढंच माझं म्हणणं.

आणि हो, तोडल्यानंतर त्या उतारावर रानमोडी नावाचं तण माजलं ते माणसाच्या उंचीचं, अजून हटत नाही. गुरं तोंड लावत नाहीत. मी स्वतःला त्यासाठी माफ केलंय असंही नाही.

पुणेरी_पाऊलवाट

मुक्ताताई, माफ करा, मी विचार न करता लिहिलं. वाचतोय.

निवृत्त_वनपाल

सव्वीस वर्षं खात्यात होतो, त्यातली बरीचशी रत्नागिरी-सिंधुदुर्गात. कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण धागाकर्त्याला त्याचा उपयोग होईल.

मालकीच्या झाडांना लागतो तो १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा. त्याला एक अनुसूची आहे, साग, खैर, चंदन, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, बिबला, तिवस वगैरे. ही झाडं तोडायला परवानगी लागते. तुमच्या डोंगरावरचे ऐन, किंजळ आणि जांभळी यात येतात, बेहडा आणि सातवीण येत नाहीत. म्हणजे ज्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो ते झाड अनुसूचीत नाही, हे मला नोकरीभर खटकत आलंय. महसुलाच्या नियमात ओढ्या-झऱ्याच्या काठापासून ३० मीटरच्या आतली झाडं राखायची तरतूद आहे, ती मी क्वचितच पाळलेली बघितली. दंड म्हणाल तर वर्षानुवर्षं एक हजार रुपये होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं तो पन्नास हजार करायचा ठरवलं, त्याला कोकणातून जोरदार विरोध झाला. मी त्या विरोधकांना झाडांचे शत्रू म्हणणार नाही. पन्नास हजार दंडानं ठेकेदार घाबरत नाही, तो परवाने काढायला बसलेलाच असतो, घाबरतो तो घरावर झुकलेली फांदी तोडणारा म्हातारा.

पण खरी गोम वेगळीच आहे आणि ती कुणी बोलत नाही. १९७५ ला खाजगी वने संपादन कायदा आला, ३० ऑगस्ट १९७५ या एका तारखेनं राज्यभरातली खाजगी वनं सरकारजमा झाली. पुढे कित्येकांना वीस-तीस वर्षांनी कळलं की आपल्या सातबारावर वन असा शेरा पडलाय, कारण पन्नासच्या दशकात कधीतरी वन कायद्याच्या कलम ३५ ची नोटीस निघाली होती. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला सांगितलं की नुसती जुनी पडून राहिलेली नोटीस पुरेशी नाही, तोवर किती पिढ्यांनी तलाठी ऑफिसात चपला झिजवल्या. मग १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन आदेश, की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे वन दिसतं ते वन. मोठा आदेश होता, देशातली कितीतरी जंगलं त्यानं वाचवली हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सिंधुदुर्गात त्याच्यातून वनसंज्ञेचा, म्हणजे कुठली मालकीची जमीन वन धरायची हा, प्रश्न उभा राहिला तो अजून चाललाय. पण गावातल्या माणसानं त्यातून धडा काय घेतला? की झाडं उभी राहिली तर जमीन जाते. जंगल दाट झालं की सरकार येणार, मग घर बांधता येणार नाही, कलम लावता येणार नाही, विकता येणार नाही. त्यापेक्षा दर दहा वर्षांनी साफ करून टाकावं, म्हणजे कुणी वन म्हणणार नाही.

मी स्वतः शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलंय हे, एकदा नाही, शंभरदा. ज्यानं तोडलं तो मोकळा आणि ज्यानं राखलं त्याला नोटीस. जो कायदा राखणाऱ्याला शिक्षा देतो त्याच्यानं जंगल कसं वाचेल?

२०२३ ला केंद्रानं वनसंवर्धन कायदा बदलला, नोंद नसलेली वनं बाहेर काढायचा प्रयत्न झाला, फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तूर्त ९६ चीच व्याख्या चालू ठेवा. म्हणजे गावातला माणूस परत तिथेच, उद्या काय होईल हे त्याला आजही माहीत नाही.

काजूबाग

वनपाल काकांचं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. मी राजापूरचा, नाव वाचूनच कळेल काय करतो ते. आमच्या वडलांनी १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेत डोंगर साफ करून काजू लावला, वेंगुर्ला चार आणि सात या जातींचा. तेव्हा सरकारच सांगत होतं की पडीक जमीन लागवडीखाली आणा, खड्ड्याचे पैसे, रोपाचे पैसे, पाण्याचे पैसे. पडीक म्हणजे काय तर ऐन-किंजळीचं जंगल! कागदावर ते पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, होतं ना. आज मी त्या बागेवर दोन मुलं शिकवली, त्यामुळे मला त्याचा पश्चात्ताप आहे असं मी लिहिणार नाही. पण इथे चर्चा होताना नुसत्या ठेकेदारावर खापर फुटतं म्हणून सांगतो, कोकणातलं बरंच जंगल योजनेनं गेलं आणि योजना चांगल्या हेतूची होती.

अजून एक. दर दोन वर्षांनी वनसर्वेक्षणाचा अहवाल येतो आणि पेपरात छापून येतं की सिंधुदुर्ग-रत्नागिरीत निम्म्याच्या आसपास वनाच्छादन आहे. उपग्रह बघतो तो एक हेक्टरवर दहा टक्क्यांच्या वर सावली आहे का, झाड कुठलं आणि जमीन कुणाची हे तो बघत नाही. म्हणजे माझी काजूबागही वनाच्छादन, हापूसची कलमंही वनाच्छादन, दोडामार्गचं रबरही वनाच्छादन. माझ्या बागेत धनेश येत नाही, झरा नाही, खाली गवतसुद्धा आम्ही ठेवत नाही. तिला जंगल म्हणू नका असं मीच सांगतोय.

वहाळ

रबराचो विषय निघालो म्हणान लिवतंय. आमच्या दोडामार्गात जा घडला ता बघून शहाणे व्हा रे, आमी होवक नाय.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं. दोन हजारच्या आसपास केरळातून लोक आले, त्यांना इथली हवा, इथला उतार रबराला बरोबर वाटला. आमच्याकडे मुंबईत गेलेले हिस्सेदार, पडून असलेले डोंगर आणि भाव कवडीमोल. शेकडो एकर विकले गेले. जेसीबी लावून मुळासकट काढलं, म्हणजे ऐन-किंजळीला जो परत फुटवा येतो तोही संपला. हा फरक नीट समजून घ्या. आपली जुनी तोड वाईट होती तरी बुंधा राहायचा आणि रान परत उठायचं, रबर-अननसात बुंधाच राहत नाही.

हत्ती २००२ साली कर्नाटकातून उतरले, मांगेलीच्या बाजूनं. तिकडे त्यांचं रान कमी झालं, इकडे आले तर इकडे केळीच्या बागा. तेव्हापासून आजपर्यंत आमचे माड, केळी, भात, रात्रीची झोप सगळं त्यात गेलं.

मग माकडताप. जानेवारी २०१६ ला केर गावात पहिली साथ, पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. गोचीड चावून होणारा ताप, मूळ शिमोग्याकडचा, क्यासनूरच्या जंगलावरून त्याचं नाव पडलं १९५७ ला. आमच्याकडे माणसं आजारी पडली ती काजूच्या मोसमात, कारण त्या दिवसांत सगळा गाव बागेत असतो. सलग जंगल असतं तेव्हा माकड आत असतं, गुरं बाहेर असतात. तुकडे पडले की जंगलाची किनार आणि बागेची किनार एक होते, त्याच पायवाटेवर माकड, तिथेच गुरं आणि तिथेच काजू वेचणारी बाई. त्या दोन वर्षांत आम्ही माणसं गमावलीत, यावर मला जास्त लिहवत नाही.

वरून खाण. जुलै २०२१ मध्ये कळण्याच्या खाणीचा बांध फुटला आणि लाल पाण्याचा लोंढा घरात, शेतात, बागेत. भात लावून झालं होतं.

आता कायद्याचं. २०१३ ला मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, कारण हा वाघाचा येण्याजाण्याचा रस्ता आहे. बंदी कागदावर दहा वर्षं राहिली आणि कटरचा आवाज आम्ही रोज ऐकला. रात्री तोड, पहाटे वाहतूक. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं केंद्राला सांगितलं की २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करा. याच तालुक्यांतल्या ग्रामसभांनी पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या वेळी आपणहून ठराव करून दिले होते की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, आम्हाला खाण नको! लोक सरकारकडे बंधन मागताहेत असं कुठे बघितलंय का तुम्ही? आम्ही मागितलं होतं.

मांडवीकाठ

गोव्यातून. वहाळ, तुमच्या तिळारी धरणाचं पाणी आम्ही पितो, त्यामुळे तुमचं रान हा आमचाही विषय. इथे १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तरी खाजगी वन ठरवायचे निकष इतके कडक, सलग पाच हेक्टर, चाळीस टक्के छत्र, पंचाहत्तर टक्के वनप्रजाती, की बरंच रान त्यातून निसटतं. आमच्या मोले अभयारण्याच्या बाबतीत मात्र लोक उठले. २०२० मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग असे तीन प्रकल्प एकदम आले, कॉलेजची पोरं रात्री रुळावर बसली आणि मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं रेल्वेची वन्यजीव मंजुरी रद्द केली. सरकारी अभयारण्य होतं म्हणून लढायला जागा होती. खाजगी डोंगरासाठी रुळावर कोण बसणार, हाच तुमच्या धाग्याचा अवघड भाग आहे.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्ताताई, तुमची पोस्ट मी चुलतभावाला फोनवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की त्यालाही मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, मला सांगायची लाज वाटली म्हणून नुसतं सही पाठव म्हणाला. म्हणजे मी ठाण्यात बसून पऱ्ह्याचा विचार करत होतो आणि घरातली फी मला माहीत नव्हती.

गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, त्यात पूर्ण पश्चिम घाट तीन श्रेणींत विभागून ग्रामसभेला विचारून ठरवा असं होतं. तो लोकांपर्यंत मराठीत नीट पोचलाच नाही, आमच्या गावात त्याचा अर्थ असा पोचला की संडास बांधायलाही दिल्लीची परवानगी लागणार. मग २०१३ ला कस्तुरीरंगन समिती, त्यांनी सुमारे ३७ टक्के घाट धरला, त्यानंतर नुसते मसुदे. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. दहा वर्षं मसुदे काढायचे आणि तेवढ्यात आमच्यासारख्यांनी डोंगर विकून मोकळं व्हायचं, हे असंच चाललंय.

माझा प्रश्न आता बदललाय. सही करू की नको हे राहू द्या, डोंगर उभा ठेवून भावाची फी कशी भरायची ते सांगा.

कुरखेडाकर

मी गडचिरोलीत शिक्षक आहे. आमच्याकडची परिस्थिती तुमच्या उलट, जंगल सरकारचं आणि लोकांचा त्यावर हक्क नाही अशी होती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, २०११ ला बांबूची वाहतूक करायचे पास ग्रामसभेच्या हातात आले. चंद्रपूरकडे पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला, तिथल्या लोकांनी बांबूतून कमाई केली आणि तेंदूपत्ता तोडणं मात्र आपणहून बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात आणि जंगलाचं नुकसान होतं. हातात आलेला पैसा त्यांनी सोडला! का सोडला, तर जंगल उद्याही आपलंच राहणार याची खात्री होती. काका म्हणतात तो तुमचा भीतीचा प्रश्न बरोबर याच्या उलटा आहे.

तुम्हाला वनहक्क कायदा लागू पडायचा नाही, जमीन मालकीची आहे. पण मेंढ्याचा दुसरा निर्णय तुमच्या कामाचा आहे. २०१३ मध्ये त्यांनी आपली खाजगी शेतजमीनसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं, कसायची ज्याची त्यानं पण विकायचा अधिकार एकट्याकडे नाही. मी तुम्हाला ग्रामदान करा म्हणत नाही, कोकणात भाऊबंदकी काय असते ते ऐकून आहे. पण एकोणीस जण मिळून निदान एक डोंगर तरी एकट्यादुकट्यानं विकायचा नाही असं लिहून ठेवू शकतात ना?

तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो, त्यामुळे उशीर लागतो, कधी वर्ष लागतं. तेवढा धीर धरायची तयारी ठेवा.

रानवेल

उशिरा येतेय, पण माझ्या कामाचा विषय आहे. मी वनस्पती सर्वेक्षण करते, संगमेश्वर-देवरुख भाग बऱ्यापैकी पायाखालचा आहे.

सड्यावरचे, पहिलं काम, ठेकेदार यायच्या आधी डोंगर चालून या आणि झाडं मोजा. अकरा एकर सगळा सारखा नसतो. तुमच्या वर्णनावरून तीन तुकडे दिसतात. पऱ्ह्याची कड, तिला हात लावू नका, पाणी तिथूनच येतं आणि जांभळींची मुळं काठ धरून ठेवतात. मधला जुना भाग जिथे बेहडे-सातविणी आहेत, तिथे मोठी झाडं बीजवृक्ष म्हणून राखा. वारंवार साफ तोड केली की फुटव्यावर वाढणारी चारच जातीची झाडं उरतात, बीजातून येणारी, ढोल्या असणारी, सावलीतली सगळी हळूहळू जातात. डोंगर हिरवा दिसतो पण आतून रिकामा झालेला असतो. राहिला २०११ च्या तोडीनंतर फुटव्यानं आलेला दाट भाग. तिथे एका बुंध्यावर पाच-सहा फुटवे असतात, त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर लाकूडही मिळतं आणि राहिलेले लवकर जाड होतात. पैसे उक्त्या तोडीपेक्षा कमीच येतील, खोटं सांगणार नाही, पण भावाचं या वर्षीचं भागू शकेल.

पुढच्या वर्षांसाठी बेहडा बघा. अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था तुमच्याच तालुक्यात बरीच वर्षं काम करतेय, मालकांशी न तोडण्याचे करार करून मोबदला देणं हे त्यांनी केलंय. बेहडा-हिरड्याची फळं फेअरवाइल्ड, म्हणजे रानाला धक्का न लावता गोळा केल्याच्या प्रमाणपत्रानं परदेशी चहा कंपनीला विकायचीही व्यवस्था त्यांनी उभी केली. फळं गोळा करायची ती पडलेली, फांदी न तोडता आणि काही पक्ष्या-प्राण्यांना ठेवून, त्याच बेहड्याच्या ढोलीत धनेश बसतो म्हणून. फळ विकून मिळणारा पैसा झाड विकण्याएवढा एका वेळी येत नाही, पण दर माघाला येतो.

कडेच्या मोकळ्या पट्ट्यात माणगा बांबू लावा. २०१७ पासून वनाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिलेला नाही, त्यामुळे वनसंज्ञेची भीती त्याला नाही, आणि घाटावरचे बागायतदार आधाराला काठी म्हणून तो नेतात.

आणि सरकारकडे मागायचंच असेल तर मोफत रोपं मागू नका. २०१७ ते २०१९ मध्ये पन्नास कोटी झाडं लावायची मोहीम झाली, त्यातली किती जगली याची पुढे विधिमंडळाच्या समितीकडून चौकशी लावावी लागली. कोकणात झाड लावायची गरजच नाही हो, तीन पावसाळे तोड आणि वणवा थांबवला की रान आपलं आपण उठतं. वनजमीन घेणाऱ्या प्रकल्पांकडून आलेला भरपाईच्या वनीकरणाचा एवढा निधी पडलेला असतो, त्यातला काही भाग उभं मालकीचं जंगल राखणाऱ्याला दर एकरी दर वर्षी मिळावा, आणि राखलं म्हणून जमीन वन ठरणार नाही हे लेखी मिळावं. या दोन मागण्या ग्रामसभेच्या ठरावात घाला.

निवृत्त_वनपाल

रानवेल, दुसरी मागणी सोन्यासारखी आहे. ती मान्य झाली असती तर माझ्या नोकरीतले निम्मे परवाने मागायलाच कुणी आलं नसतं.

सड्यावरचे, सामाईक सातबारावर सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते हे ठेकेदाराला नीट माहीत असतं. म्हणूनच तो ठाण्याला सही मागतोय. तुमचा लेखी आक्षेप वनक्षेत्रपालाकडे पोच घेऊन द्या, तोंडी सांगू नका. आणि ते पऱ्ह्याच्या कडेचे ३० मीटर आक्षेपात लिहायला विसरू नका.

मुक्ता_र

रानवेलताई, आमच्या तोडलेल्या उतारावर ती रानमोडी आहे, त्याचं काय करता येईल? आणि ते फुटवे कमी करायचं काम मला कुणी दाखवेल का, मी स्वतः कोयता चालवते.

रानवेल

फुलायच्या आधी उपटा, दिवाळीनंतर लगेच, कापू नका, मुळासकट काढा. मधून ऐनाचे फुटवे वर येत असतील तर त्यांच्या भोवतीची आधी काढा, एकदा त्यांची सावली पडली की रानमोडी मागे हटते. एप्रिलमध्ये त्या बाजूला येणार आहे, कळवते. एक दिवस सोबत काम करू.

सड्यावरचा

सतरा दिवसांनी लिहितोय. रविवारी घरी बैठक झाली, एकोणीसपैकी अकरा घरं आली, चौघं फोनवर होते. खूप भांडण झालं, जुनी भांडणंही निघाली, एक काका उठून गेले आणि तासाभरानं परत आले. साफ तोड द्यायची नाही एवढ्यावर चौदा घरं आली आहेत. एक घर अजून ठेकेदाराच्या बाजूचं आहे, त्यांची अडचण खरी आहे, त्यांच्याशी परत बोलायचंय. फुटव्याच्या भागाची विरळणी आमच्याच वाडीतली माणसं करतील, लाकूड आम्ही स्वतः विकू आणि त्यातले पैसे या वर्षी आधी पुतणीच्या फीला जातील असं ठरलं, त्याला कुणी विरोध केला नाही. लेखी आक्षेपाची पोच मिळाली आहे.

काल भाऊ आणि मी चुन्याचं डबडं घेऊन डोंगर चाललो. राखायच्या झाडांना पट्टे मारले. बेहडे नऊ निघाले, मला वाटत होतं चार असतील. त्यातल्या एकाला उंचावर ढोली आहे आणि खाली बियांचा खच पडलेला, पिवळट पांढरी विष्ठा. रानवेल, फोटो काढलाय पण नेट लागत नाही इथे, ठाण्याला गेल्यावर टाकतो. धनेशाचंच आहे का सांगाल?